एकाच नावाची दोन यंत्रे

१४ जून

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू आमच्याकडून परतताना आपल्या पिशव्यांची अदलाबदल झाली, परंतु दोघांचे गेमिंग कन्सोल एकच असल्याने काही बिघडले नाही, असे जे तू ताईला कळवलेस, ते साफ चुकीचे आहे.

नाव एकच, हे मान्य. परंतु माझे यंत्र सुधारित आवृत्तीचे: चिप लहान, वीज कमी, पंखा मांजराच्या पावलांचा. तू मागे ठेवलेस ते पहिल्या आवृत्तीचे. शर्यतीचा खेळ लावताच गिरणीसारखे घरघरते. पुस्तकात चार वेलांट्या दुरुस्त केल्या तरी आत ‘सुधारित दुसरी आवृत्ती’ असे छापतात. या कारखानदारांनी पोटातले अवयव बदलले आणि खोक्यावर चकार शब्द नाही! त्यापेक्षा पीसी प्रामाणिक. त्याचा प्रत्येक भाग स्वतःच्या नावाने नांदतो, आणि पंखा ओरडला तर नुसता पंखा बदलता येतो.

माझे व्याकरणाचे पुस्तक महिनाअखेरपर्यंत न दिल्यास प्रकाशक करार मोडणार आहेत. या घरघरीत एक ओळ लिहून होत नाही. यंत्र परत पाठव.

लोभ आहेच; तो पार्सलने सिद्ध कर.

तुझा,
दादा

१८ जून

ति. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

घरघरीमुळे लेखन अडले हे वाचून वाईट वाटले. एकच कळले नाही: खेळ लावलाच नाही, तर यंत्र घरघरते कसे?

आता खरे सांगतो. १२ जूनला निघताना पिशव्या चुकल्या नाहीत. वहिनींनीच तशा भरायला लावल्या. तुमच्या यंत्राचा आवाजच येत नसे. दार लोटून तुम्ही लिहिताय या समजुतीने त्या बिचाऱ्या चहा दाराशी ठेवून चवड्यांवर परत जात, आणि आत तुम्ही शर्यती मारत. आता त्यांना स्वयंपाकघरातून सगळे कळते. आयुष्यभराचे पुस्तक असे हातचे गेले तर तुम्ही खचाल, आणि ते आपल्याला बघवणार नाही, असे त्या म्हणाल्या. मग माझा नाइलाज झाला.

३१ जूनपर्यंत पुस्तक द्या, मग यंत्र पाठवतो. रागवायचे तर पत्रातूनच रागवा. वाचायला मजा येते.

कृपा असू द्यावी, कान धरण्यापुरती तरी.

तुमचा,
धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद, या वेळी मोजकेच.

कटाविषयी मी काही लिहिणार नाही. तारखा मात्र चुकीच्या राहू देणे मला शक्य नाही. लोभ आहे तसाच आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

कटाची मसलत: ९ जून, मी केस कापायला गेलो असताना. तुझ्या वहिनीने कबूल केले आहे.

यंत्राची अदलाबदल: १२ नव्हे, ११ जून.

यंत्र बंद: २० जून, तुझे पत्र हाती पडताच.

कराराची मुदत: ३० जून. ३१ जून हा दिवस कोणत्याही दिनदर्शिकेत नाही.

हस्तलिखित प्रकाशकांच्या हाती: ३० जून, दुपारी.

घरघर पुन्हा सुरू: ३० जून, संध्याकाळी. गाडी तुझी वहिनी चालवत होती. तुझे यंत्र आता येथेच राहील. आवाजाशिवाय शर्यतीत राम नाही, असे तिचे म्हणणे आहे.