सत्काराच्या गुच्छातलं गवत

ताईस, चिखलात माखलेल्या धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. कंबर तेवढी रुसली आहे. इथे ओढ्याकाठी आम्ही एक परकं गवत उपटतो. हौशी लोकांनी ते शोभेसाठी कुंडीत लावलं, वाऱ्याने बी ओढ्यावर नेलं, आणि आता तिथे दुसरं काही उगवत नाही. ओळखायला सोपं आहे: पातं अरुंद, कडेला खरखरीत आणि वर खारीच्या शेपटीसारखा जांभळट तुरा.

काल काठ साफ झाला म्हणून साहेबांनी तिथेच आमचा सत्कार केला. गुच्छात तेच तुरे! वर म्हणतात, “उंच धरून हलवा, फोटो काढू!” मी डब्याची पिशवी गुच्छावर चढवून गाठच मारली.

“आवडला नाही का हो?”

“इतका आवडला साहेब, की वाऱ्यालाही हात लावू देणार नाही.”

मुकादम हसून हसून खाली बसला.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि तू पाठवलेल्या फोटोत ज्या नव्या कुंडीशेजारी मिरवते आहेस, तिच्यातलं पातं चाचपून बघ. खरखरीत लागलं तर आधी तुऱ्यांवर पिशवी घाल, मग मुळासकट उपट. मला शिव्या सावकाश घाल.

ओढा आपल्याही घरामागे आहे, ताई.

तुझा उपटसुंभ भाऊ