वडीसाठी पुढे केलेला हात

रविवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. नवघरच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटचा डाव, समोर गेल्या वर्षीचे विजेते म्हात्रेकाका, आणि मी दोन प्याद्यांनी वर! घसा खवखवत होता, म्हणून त्यांच्या डब्यातल्या आलेपाकाच्या वडीसाठी हात पुढे केला. त्यांनी तो पकडून हलवला. "बरोबरी? चालंल!" पंचांनी घड्याळ थांबवलं, टाळ्या पडल्या. आता वडीचं कुठल्या तोंडाने सांगू?

घरी डाव मोबाईलवर लावला. दोन चालींत माझा वजीरच जात होता! काकांना फोन केला. "ती चाल दिसली नव्हती?"

"न्हाय रं. मी तर हरत होतो. तू हात केलास, देव पावला."

म्हटलं, "काका, तुमच्या वयाचा मान ठेवला."

घसा पुन्हा खवखवला. वडी राहिलीच की!