चौथा नियम आणि डावा बूट

ती. सौ. कौशल्याताई,

उभ्यानेच नमस्कार (वाकले तर मला सरळ करायला घरातली दोन माणसं लागतात). रायपूरच्या हवेत तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी अजून चहात गूळच मागतात का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू हसतेस, आणि पुढचं सांगताना कोणी हसलेलं मला चालणार नाही. निदान मला ऐकू येईल असं.

तुला आठवतं, शाळेत खेळाचा तास संपला की आपण दोघी मैदानाच्या कडेला बसून कॅनव्हासच्या बुटांतली खडी झटकायचो? तुझ्या बुटातून नेहमी जास्त निघायची. मग सिस्टर अ‍ॅग्नेस यायच्या, बुटाच्या आत शाईने नाव लिहिलंय का ते तपासायच्या, आणि मैदानातला शेवटचा कागद उचलल्याशिवाय कोणालाही वर्गात सोडायच्या नाहीत. ओल्या मैदानावर कोणी पाऊल टाकलं तर रागवायच्या नाहीत, फक्त बघायच्या. ताई, ते नुसतं बघणं मला आठ दिवसांपासून सारखं आठवतं आहे.

आमच्या सेक्टर 2 मधल्या घरासमोरचं मैदान तू पाहिलंच आहेस. तिथे संध्याकाळी माणिकचा संघ फुटबॉल खेळतो. आम्ही त्यांना पोरं म्हणतो, पण सगळे तिशी-पस्तिशीचे, इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला. पहिली शिफ्ट करून दमून येतात आणि तरी धावतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या मैदानात पडलेल्या दिसल्या आणि माझ्यातली सिस्टर अ‍ॅग्नेस जागी झाली. मी कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात अकरा नियम लिहिले (प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एक यावा म्हणून) आणि फाटकावर लावले. पहिला: खेळण्याआधी वहीत नाव लिहा. चौथा: पाऊस झाला की दोन दिवस मैदानाला विश्रांती. सातवा: सापडलेली वस्तू ज्याची त्याला. माणिकने सगळे वाचले आणि म्हणाला, "काकू, बारावा बी लिवून टाका, गोल झाला तर हळू ओरडा." पण पाळले, ताई. पोतं आणून बाटल्या गोळा करतात, फिरायला येणाऱ्यांसाठी कडेची वाट मोकळी सोडतात, गोलपुढची माती एकाच जागी झिजू नये म्हणून सरावाचे गोल दर आठवड्याला सरकवतात. मी हातात शिट्टी घेऊन खिडकीतून लक्ष ठेवते. म्हणजे, ठेवायचे.

आता माझं ऐक. या वर्षी कोजागिरीला नुसतं आटीव दूध नको, काही नवीन हवं असं आमच्या महिला मंडळात निघालं. आमची सून टीना म्हणाली, पलीकडच्या रिसाली वस्तीतल्या मंडळाशी बायकांची फुटबॉल मॅच घ्या. सगळ्या हसल्या आणि मग कोणीच नाही म्हणेना. रविवार ठरला. शुक्रवारी धो धो पाऊस. चौथा नियम मला पाठ होता (मीच लिहिलेला), पण मी असा विचार केला की तो धावणाऱ्यांसाठी आहे आणि आमच्यात धावणारं कोणी नाही. रविवारी चौकीदार पंजाबराव सुट्टीवर, म्हणून वहीही मिळाली नाही (मागितली नाही). शनिवारी दुपारी लक्षात आलं की रेषा आखायला चुनाच नाही. आमच्याकडे कामाला येणारी भागाबाई मूळची इथलीच. ती म्हणाली, आमच्यात सणाला तांदळाच्या पिठानेच चौक पुरतात, म्हणजे रांगोळी काढतात. मला ते इतकं सुंदर वाटलं! दिवाळीच्या चकल्यांसाठी ठेवलेलं सगळं पीठ आम्ही त्या मैदानावर रेखलं. मधल्या वर्तुळात मी कमळसुद्धा काढलं.

रविवारी सकाळी पाहते तर सेक्टरमधल्या झाडून साऱ्या गाई रेषा चाटत होत्या. अगदी शिस्तीत, ताई, एकही गाय रेषेबाहेर नाही. कमळाभोवती तर पंगत बसली होती. आम्ही अकरा जणी ओरडत मागे लागलो आणि मग मात्र शिस्त मोडली, त्यांचीही आणि आमचीही. तेवढ्यात रिसालीच्या बायका ऑटोतून उतरल्या, एकसारखे दुपट्टे घालून. त्यांना परत कसं पाठवायचं? खेळलो. एकच गोल झाला, तो मी केला, आमच्याच जाळ्यात. त्या धांदलीत माझा डावा बूट चिखलाने गिळला, तो सापडलाच नाही. दुपारी ते मैदान असं दिसत होतं की कोणीही येऊन धानाची रोवणी सुरू करावी.

सोमवारी सकाळी मी फिरायला निघाले तर फाटकात पंजाबराव. "पायलं का मॅडम? पोरायनं कसं नांगरून टाकलं! तुमी एवढे नियम लिवून देल्ले, काई उपेग?" मी म्हटलं, "हं." माझा गुन्हा तेवढाच. एक हं. त्या एका हंवर मैदान समितीने माणिकच्या संघाला महिनाभर बंदी घातली. येत्या रविवारी याच मैदानावर त्यांचा उपांत्य सामना आहे, आठ वर्षांत पहिल्यांदा तिथवर पोचलेत. न खेळता बाहेर पडतील. आणि याहून वाईट सांगू? खेळायची बंदी असली तरी ते रोज शिफ्ट संपवून फावडी घेऊन येतात आणि आम्ही केलेले खड्डे बुजवतात. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आहे.

तुझी धाकटी (वयाने साठीची, अकलेने पाचवीतली),
गीतांजली

ता. क. खरं काम लिहायचंच राहिलं. सोबत दुसरा लिफाफा आहे, मैदान समितीच्या नावाचा. त्यात मी सगळं कबूल केलं आहे, कमळासकट. तो तेवढा रायपूरहून पोस्टात टाक. मी तीनदा पेटीपर्यंत गेले आणि तीनदा भाजी घेऊन परत आले. घरात दुधी फार झाले आहेत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच माणिक दारात. हातात माझा डावा बूट. धुतलेला, वाळवलेला, आकार जाऊ नये म्हणून आत वर्तमानपत्र कोंबलेलं. "सातवा नियम, काकू. आतून नाव लिवलं हाये." (सिस्टर अ‍ॅग्नेसची सवय, अजून सुटली नाही.) कधी सापडला विचारलं, तर म्हणाला, "सोमवारीच. वाळायले टाइम लागला." आठ दिवस, ताई! मग पंजाबरावला का नाही सांगितलंस? डोकं खाजवत म्हणाला, "सांगून का करू? समितीनं तुमालेच बंदी घातली असती, मंग आमच्यावर लक्ष कोन ठेवणार? सारे त्या पडद्याकडं पाहून इचारून राहिले, काकू बिमार हायेत का म्हून." मला त्याला चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही.

ता. क. शेवटचा. दुसरा लिफाफा शोधू नकोस, काढून घेतला आहे. उद्या दहाला समिती उघडते, मी स्वतः नेते. हे पत्र घेऊन टीनाच येते आहे, तिच्या हाती पाठवलेल्या पिशवीतल्या बिजोऱ्या (तळायचे तिळाचे सांडगे) भाऊजींना. दुधी हलवा तुला, सगळा. इथली वाटणी मी अशी केली आहे: अकरा नियमांचा कागद आमच्या मंडळाच्या भिंतीवर, माझी शिट्टी माणिकला, आणि डावा बूट समितीच्या टेबलावर, पत्राशेजारी, आतलं नाव त्यांना दिसेल असा.