सेलूच्या लाइनीतला खरखराट

२ मे २००२
ही रोजनिशी फक्त कामाची. आमच्या वर्ध्याच्या दैनिकात सेलूचे फोटो अजून एसटीने, पाकिटातून येतात. कंडक्टर भैयाजी आणतात. हे बंद करायचं. मी टर्मिनल सर्व्हर बसवला आहे. चार मोडेम एका डब्याला, डब्यातून वायर ऑफिसच्या संगणकांना. सेलूहून फोन लागला की फाइल थेट संपादकांच्या टेबलावर. सेटिंग मी केलं. पासवर्ड फक्त माझ्याकडे.
३१ला संपादक प्रभाकरराव डेमो बघतील आणि माझी नोकरी पक्की करतील. बाबांची अट: पक्की झाली तर मुलाकडचे पाहुणे पुढच्या वर्षी, नाहीतर याच उन्हाळ्यात. प्रश्न सुटल्यात जमा.

६ मे
सेलूचे वार्ताहर रूपरावभाऊ यांची बातमी आली, काना-मात्रेसकट. यंत्रणा यशस्वी. सोबतचा सामूहिक विवाहाचा फोटो वरून अर्धाच आला. प्रभाकरराव म्हणाले, बेटा, फेटे आले, नवरदेव कुठी राह्यले? मी त्यांना लाइनमधला खरखराट समजावला.

७ मे
तोच फोटो तीनदा मागवला. तिन्ही वेळा फेट्यांखाली त्याच जागी अडकला. खरखराट अत्यंत शिस्तीचा आहे.

११ मे
विहिरीचा फोटो. रहाट आला, विहीर नाही. सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजला लेखी तक्रार केली.

१५ मे
उत्तर: ‘लाइन तपासली. दोष नाही. आपली उपकरणे तपासावीत.’ सही, आदेश झाडे, इंजिनियर. दुसरी तक्रार केली. सोबत माझ्या यंत्रणेची पूर्ण माहिती जोडली. त्यांना शिकायला मिळेल.

१८ मे
उत्तर: ‘डब्याचे फ्लो कंट्रोल कसे ठेवले आहे ते कळवावे.’ विषय बदलण्याची सरकारी पद्धत. कळवलं नाही.

२१ मे
स्वतः सेलूला गेले. उन्हात डोकं भणभणत होतं. वायर बदलली, मोडेम बदलला, रूपरावभाऊंची खुर्चीसुद्धा सरकवली. फोटो अडकला. ते म्हणाले, म्याडम, तुमी आल्या त्याच गाडीनं परत पाठवला असता तं आतापावतर पोचलाबी असता.
परतीच्या गाडीत भैयाजी. काऊन म्याडम, आज पाकिटासंगं तुमीबी? माझं तिकीट लागलं, पाकिटाचं नाही.

२६ मे
कुकरच्या शिटीत मोडेम ऐकू येतो. जेवण जात नाही. आईने साडी इस्त्रीला दिली आहे. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. दुपारी ऑफिसच्या जिन्यात दहा मिनिटं रडले. धुळीमुळे.
डब्यावर शंका घ्यायचं कारण नाही. बातम्या त्यातूनच येतात, आणि डबा बातमी व फोटो यांत भेद करत नाही. पाचवी तक्रार पाठवली. भाषा कडक ठेवली.

३१ मे
डेमो. प्रभाकररावांनी फोटो मुद्दाम निवडला होता: पाकीट बंद होणार म्हणून सेलू स्टँडवर झालेला भैयाजींचा सत्कार. सगळं ऑफिस स्क्रीनभोवती जमलं. टोपी आली. कपाळ आलं. भुवया आल्या. मग काही नाही.
तेवढ्यात दारातून भैयाजी आले. हातात पाकीट, पाकिटात तोच फोटो. रूपरावभाऊंनी सकाळीच गाडीत देऊन ठेवला होता. प्रभाकरराव म्हणाले, घे बेटा, हे पुरे आले.
नोकरी पक्की नाही. मुदत सहा महिने वाढवली. नवीन काम: रोज संध्याकाळी स्टँडवरून पाकीट आणणे.

१ जून
पाहुणे उद्याच. बाबा सांगत होते, मुलगा सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनियर आहे, झाडे आडनाव, फार शांत. माझं नाव ऐकून म्हणाला, ह्या मॅडम मले माहीत आहेत. बाबा खूश. त्याने एवढंच विचारायला सांगितलं आहे: फ्लो कंट्रोल पाहिलं का? बाबांना वाटतं, हल्ली शिकलेली मुलं असंच विचारत असतील.
संध्याकाळी स्टँडवरून पाकीट आणल्यावर डब्याचं सेटिंग स्क्रीनवर उघडून पाहिलं. फ्लो कंट्रोलच्या चौकटीत खूण होती. खबरदारी म्हणून मीच केलेली. ती असली की डबा येणाऱ्या फाइलमधली दोन चिन्हं ‘थांब’ आणि ‘चालू’ असे हुकूम समजून स्वतःच गिळतो. बातमीत ती चिन्हं नसतात. फोटोत असतात.
खूण काढली. रूपरावभाऊंना फोन करून कालचा फोटो परत मागवला. भैयाजी चपलांसकट आले.
आज लाइन शांत असावी.