दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

राहनाळ,
१८ ऑक्टोबर २००६

प्रिय दीपेशदादा,

मृणालीचा नमस्कार. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. उत्तर देऊ नकोस हवं तर, पण शेवटपर्यंत वाच.

घरी सगळे बरे आहेत. रविवारी शेलार गावी जाऊन काकींना भेटून आले. "माज्या पोराचा हात लागला नि मशीन बिघडली म्हनतात, तर तसंच आसंल," असं म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. तो चहा मला गेला नाही.

गोडाऊनची ई-मेल चालू झाल्याचं कानावर आलं असेल. पाच दिवस डोकं फोडलं. गेटवर मोबाईल जमा, सर्व्हरच्या खोलीत इंटरनेट नाही, बाहेरच्या माणसाला आत बंदी. आधाराला तू छापून ठेवलेली मॅन्युअलची पानं तेवढी. आधी प्रत्येकाचे पासवर्ड तपासत बसले, सगळे बरोबर. मग लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, नीट वाचला. आपले पासवर्ड ताडून बघायला मेल सर्व्हर स्वतःच्या पासवर्डने डेटाबेसकडे जातो, आणि डेटाबेस त्यालाच दारातून परत पाठवत होता. सर्व्हरच्या फाइलमध्ये पासवर्ड जुना होता.

जुना का, तेही लिहिते. गणपतीनंतर साहेबांनी पासवर्ड बदलायला सांगितले, तेव्हा मेल सर्व्हरचा डेटाबेसमधला पासवर्ड मी बदलला, थेट त्याच्या तक्त्यात. फाइलमधला राहून गेला. तुझ्या पानांत स्पष्ट आहे: असा बदल डेटाबेस बंद होऊन पुन्हा चालू झाला की मगच लागू होतो. म्हणून महिनाभर सगळं सुरळीत. दसऱ्याला तू पूजेसाठी सर्व्हर बंद केलास. "लूमला सुट्टी देतात, मग याला का न्हाय? चालत्या मशीनला हार घालीत न्हायत," म्हणालास. दुसऱ्या दिवशी मेल बंद, आणि खापर तुझ्यावर.

साहेबांनी तुझ्यासमोर विचारलं होतं, "याआधी कुणी काही बदललं होतं?" मी नाही म्हणाले. आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. आठवलं होतं, दादा. महिनाभर चाललं म्हणजे आपला काय संबंध, अशी मनाची समजूत घातली. तुला कामावरून काढलं. खरं कारण हाती लागलं तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि मी तीही थोपटून घेतली. लाज वाटते मला.

आज सकाळी हे सगळं साहेबांना लिहून दिलं, खाली सही केली. दोनदा वाचून म्हणाले, "हा कागद मागे घे, मी पाहिला नाही असं समजतो." मी घेतला नाही. नोकरी जायची तर जाऊ दे. उद्या शेलारला जाऊन काकींनाही स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे.

तू मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही.

तुझ्या डोळ्यांदेखत 'नाही' म्हणालेली,
तुझीच बहीण,
मृणाली