पाय टेकतात का?

४ जानेवारी, रविवार. कळस.

स्वरूपाने बुलेट घेतली. घेऊ दे. धाकटी जाऊ असली तरी पगार तिचा, हौस तिची. मला काहीही वाटलेलं नाही. तिचा स्टेटस सकाळपासून सारखा बघतेय, पण ते नेट स्लो आहे म्हणून.

या घरात पहिली स्कूटी मी आणली. सून गाडीवर कॉलेजला शिकवायला जाते म्हणून बायका दारात येऊन बघायच्या. आता त्याच बायका बुलेटचा आवाज आला की हातातलं पीठ न धुता बाहेर पळतात. माझ्या स्कूटीला आवाजच नाही. शेळ्यासुद्धा बाजूला होत नाहीत.

निश्चय : मोटरसायकल घ्यायची. बुलेटपेक्षा उंच. ८ मार्चला बारामतीत महिला दिनाची बाईक रॅली आहे. स्वरूपाने नाव दिलंय, मीही दिलं. पहिल्या रांगेत. यात हेवा वगैरे काही नाही. स्त्रीने स्वावलंबी व्हायला हवं.

५ जानेवारी

राजवर्धनना सांगितलं. नवऱ्याने रंग विचारावा, मॉडेल विचारावं. हे म्हणाले, आधी पाय टेकतात का बघ.

भवानीनगरच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स मी शिकवते. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मुलांना मी समजावते. मला पायांचं सांगतात!

माझी उंची पाच फूट एक. अंबाड्यासकट. अंबाडा माझाच आहे.

११ जानेवारी, सकाळ

लर्निंग लायसन्स काढलं. आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दुधाच्या गाडीवर सराव सुरू केला. जुनी शंभर सीसी, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचा लोखंडी सांगाडा. वर्षानुवर्षं दूध वाहून मागून पार बसलीय. पाय आरामात टेकले. मग गंमत म्हणून दोन्ही उचलले. तरी गाडी उभी! किंचित कललेली, पण उभी. बॅलन्स उपजत असावा लागतो.

सासूबाई गोठ्यातून बघत होत्या. (आम्ही त्यांना आत्या म्हणतो. माझ्या खांद्याला लागतात.) म्हणाल्या, सांगाडा टेकलाय गं भुईला, म्हणून उभी हाय. मी हसले. त्यांचं शिक्षण चौथी.

१८ जानेवारी

स्वरूपा चहा घेऊन माझ्या खोलीत आली. म्हणाली, ताई, पहिली गाडी हलकी घ्या. एकशेदहा, फार तर एकशेपंचवीस. सीट बसकी बघा. नुसती बोटं नाही, टाचा टेकल्या पाहिजेत. आणि पडली तर आपली आपल्याला उचलता आली पाहिजे.

गोड बोलली. चहासुद्धा चांगला होता. म्हणूनच संशय आला. मला दूधवाल्याच्या गाडीवर बसवायचं आणि आपण बुलेटवर मिरवायचं, असा डाव आहे. पाच फूट सात असलेल्या बाईने टाचांवर बोलूच नये.

आत्या दारात गहू निवडत होत्या. त्यांनी विचारलं, मंग आबांची गाडी कितीची गं? स्वरूपा म्हणाली, शंभरची. आत्या म्हणाल्या, आस्सं.

आबा ओसरीवरून ओरडले, म्हाळसा रुसली काय रं? माझं नाव म्हाळसा, आत्यांचं बनाबाई. लग्न ठरल्यापासून आबांचा हा एकच विनोद : खंडोबाच्या दोघी आमच्याच घरात, आता म्हाळसा बानूवर जळणार. मी आत्यांवर कशाला जळू? त्यांच्याकडे जळण्यासारखं आहे काय? एक गोठा आणि दोन गुडघे.

२५ जानेवारी. बारामती.

शोरूमला गेलो. माणसाने आधी स्कूटर दाखवल्या, मग विचारलं, सरांसाठी बघताय का. मी सरळ त्या उंच गाडीपाशी गेले. डोंगरात नेतात तसली. स्वरूपाची बुलेट हिच्याशेजारी बसल्यासारखी दिसेल.

चढले. उजव्या पायाचा अंगठा टेकला. म्हणजे पाय टेकला. अंगठा पायाचाच भाग आहे. शोरूमचे दोघं हँडल घट्ट धरून उभे होते, ती त्यांची पद्धत असावी. राजवर्धन काचेतून रस्त्याकडे बघत होते.

बुक केली.

५ फेब्रुवारी

गाडी आली. सीटवाल्याकडून आतला फोम कापून घेतला. आता पाटावर बसल्यासारखं वाटतं, पण दोन्ही अंगठे टेकतात. जाड तळाचे बूट मागवले. लोक हाय हील्स घालतात तेव्हा कोणी काही बोलत नाही.

आत्या आणि स्वरूपा आज बारामतीला जाऊन आल्या. आत्यांचे डोळे तपासायला म्हणे. हल्ली लाडीगोडी फार चाललीय. मोठी सून घरात असताना डोळे तपासायला धाकटी!

८ फेब्रुवारी, रविवार

गाडीची पूजा. निम्मं गाव अंगणात. आत्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी काठापदराची साडी आणि जाड बूट घालून चढले. गाडी साइडस्टँडवरून सरळ होईना. अंगण डावीकडे उतरतं, हे आबांनी घर बांधतानाच बघायला हवं होतं. मी जोर लावला. परत लावला. 

मग स्वरूपा आली. म्हणाली, ताई, मी काढून देते. टांग टाकली, लिंबू चिरडलं, वेशीपर्यंत जाऊन वळून आली. टाळ्या पडल्या. गावातल्या सरुबाई तिला म्हणाल्या, तुझी दुसरी गाडी बी झ्याक हाय गं.

ही डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. जळफळाट झाला.  लिंबू माझं होतं.

१९ फेब्रुवारी

चालवता उत्तम येतं. एकदा सुटली की मी आणि वारा. थांबायचं तेवढं शास्त्रशुद्ध करावं लागतं. कळस ते भवानीनगर पाय ठेवण्याजोग्या जागा पाठ केल्यात : मोरीचा कठडा, शाळेची पायरी, दत्ताच्या देवळाचा ओटा. परतताना ओट्याला उसाची ट्रॉली लागलेली होती. थांबणार कुठे? ट्रॉली हलेपर्यंत गावाला फेऱ्या मारल्या. आबा भेटेल त्याला सांगत होते, पोरीला लई हौस.

आबांची तक्रार : दुधाच्या गाडीचं पेट्रोल उडतंय कुठं? आत्यांच्या पदराला ग्रीस लागलेलं दिसलं. गोठ्याच्या फाटकाचं असणार. या वयात पदर सांभाळायला हवा.

१ मार्च

स्वरूपा परत म्हणाली, रविवार आहे, क्लच शिकवते. नको म्हटलं. तिच्याकडून शिकण्यापेक्षा बैलगाडी चालवीन. तर ती आत्यांना घेऊन मळ्यात गेली. काय एवढं मळ्यात?

जेवताना आत्यांनी विचारलं, क्लच सोडला की गाडी मरती, ती का गं? मी घर्षणापासून समजावून सांगितलं. भाकरी गार झाली. त्या म्हणाल्या, ते हाय, पर हळू सोडायचा म्हंजी किती हळू? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय.

७ मार्च

सगळं ठरलं. रॅली कुठेच थांबणार नाही असं आयोजक म्हणाले. मग पाय टेकायचा प्रश्नच येत नाही. राजवर्धन म्हणाले, चौकात थांबतीलच. यांचा स्वभावच नकारात्मक.

उद्या पहिल्या रांगेत मी. स्वरूपा माझ्या डावीकडे. फोटोत ती माझ्यापेक्षा खाली दिसेल.

८ मार्च, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. लिहिते.

नऊवारी, फेटा, गॉगल. फुटपाथच्या कडेवरून चढले, पहिल्या रांगेत लागले. सुटलो तेव्हा खरंच छान वाटलं. लोक हात करत होते. स्वरूपाने ओरडून सांगितलं, ताई, भारी दिसताय! तेवढं बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

चौकात फुलं उधळायला रॅली थांबवली. माझ्या बाजूला ना फुटपाथ, ना दुभाजक, ना दत्ताचा ओटा. पाय सोडला. सोडतच गेले. गाडी इतक्या सावकाश आडवी झाली की पडता पडता मी फेटा सावरला. स्वरूपाने दोन्ही टाचा रोवून एका हाताने आपली बुलेट धरली आणि दुसऱ्या हाताने माझा दंड. मला लागलं नाही. गाडी उचलायला चौघी लागल्या.

तेवढ्यात मागून ओळखीची धुगधुग आली. आबांची दुधाची गाडी. किटल्यांना झेंडूच्या माळा. वर आत्या. काष्टा, फेटा, आणि नवा चष्मा.

माझ्याशेजारी थांबल्या. दोन्ही टाचा भुईला. सांगाडा कुठेही टेकलेला नव्हता. मी वाकून बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि काळजीने विचारलं, पाय टेकत न्हाईत व्हय गं?

सगळे मोबाईल त्यांच्याकडे वळले. आयोजक धावत आले, आजी पुढं चला, पुढं चला. पहिल्या रांगेत एक जागा रिकामी झालेलीच होती.

आत्यांचं नाव स्वरूपानेच दिलेलं. डोळे तपासले ते लायसन्ससाठी. राजवर्धन माझी गाडी घेऊन घरी आले. स्वरूपा म्हणाली, माझ्यामागे बसा. मी एसटीने आले.

९ मार्च

पेपरात फोटो. आत्या मधोमध, दातांसकट. कोपऱ्यात एक उंच चाक आडवं दिसतंय, ते माझं. आबांनी पेपर अख्ख्या गावाला दाखवला. मग माझ्यापाशी आले. म्हणाले, म्हाळसे, बानूच भारी निघाली की गं.

मी दोन महिने चुकीच्या बाईवर जळत होते.

१५ मार्च, सकाळ

माझी गाडी सध्या राजवर्धन कारखान्याला नेतात. इंजिन मोकळं होण्यासाठी. नवा निश्चय : पायापासून सुरुवात. हलकी गाडी, बसकी सीट, रोज सराव. स्वरूपाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, फक्त ते तिने म्हणायला नको होतं.

आबांच्या गाडीची किल्ली मागायला गेले. किल्ली आत्यांच्या कनवटीला. म्हणाल्या, मोकळी न्हाय बया, डेअरीला चाललेय. येतीस का मागं बसून?

बसले. वाटेत शेळ्या बाजूला झाल्या. मागे बसलं की पाय किटल्यांवर ठेवावे लागतात. दोन्ही टेकतात. टाचांसकट.