देव्हाऱ्याशेजारचा संगणक

सोमवार, २१ फेब्रुवारी २०११

बसले नाही! कॉलेजच्या धोंडप्पा सरांनी दिलेली जँगोची, म्हणजे संकेतस्थळे बनवायच्या साधनाची सीडी तीनदा घातली. ते ज्या भाषेवर चालते ती पायथन आधीच बसवलेली आहे, तरी काळ्या खिडकीत एकच उत्तर — असा आदेश ठाऊक नाही. पायथन संगणकाच्याच पोटात आहे आणि त्यालाच सापडत नाही! सोबतचे इंग्रजी पत्रक म्हणते, हे अत्यंत सोपे आहे. कुणासाठी? मराठी माध्यमातून तालुक्यात पहिली आलेली मुलगी शब्दकोश उघडून बसली आहे, तिच्यासाठी खचितच नाही.

शनिवारी दहापर्यंत जे संकेतस्थळाचे पहिले पान चालवून आणतील, त्यांचीच नावे सर पुण्याच्या नोकरीच्या मुलाखतीला पाठवणार. कॉलेजची प्रयोगशाळा परीक्षेमुळे बंद. म्हणजे घरचाच संगणक.

मंगळवार, २२

उमगले! पायथन कोणत्या कप्प्यात आहे, त्याचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. चारच ओळी. वहीत उतरवून घेतल्या आणि टंकायला बसणार, तोच — बाहेरची झाले.

आईला सांगितले. चार दिवस त्या खोलीत पाय ठेवायचा नाही, म्हणाली. कारण घरातला एकुलता एक धड प्लग देव्हाऱ्याशेजारी आहे! दसऱ्याला अप्पांनी संगणकाला हळदकुंकू वाहिले, तेव्हापासून तोही देवच. शनिवारी पहाटे न्हाणार, साडेसातला कॉलेजला जायला भालकीची बस. काम केव्हा करू?

बुधवार, २३

प्रयोगशाळेतल्या तीस संगणकांना माझ्या चार दिवसांनी आजवर काही झालेले नाही. अप्पांना विचारणार होते. पण ही गोष्ट वडिलांपाशी कोणत्या शब्दांत काढतात, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

जेवले नाही.

गुरुवार, २४

अप्पा बाजाराला गेले. आई मुकाट्याने संगणकासमोर जाऊन बसली.

"सांग, काय दाबू?"

तिला मराठी अक्षरसुद्धा येत नाही! मी उंबऱ्याबाहेरून, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकेक अक्षर मोठे काढून दाखवत होते. ती कळफलकावर तसेच चित्र धुंडाळत होती. दोन तास. चौथ्या ओळीला पुन्हा तेच उत्तर — ठाऊक नाही. मी वैतागले. मग दिसले: 'ओ'च्या जागी ती शून्य दाबत होती.

"दोन्ही गोलच की. मला काय ठावं, कोणचं गोल कुठलं?"

नीट बघ, असे मी जरा जोरातच म्हणाले.

"बोट माझं हाय, डोस्कं तुझं. तूच नीट दाव."

पान उघडले. उंबऱ्यावरून मला केवळ फिकट निळी पट्टी दिसली. सगळे पेनड्राइव्हवर घ्यायला आणखी अर्धा तास — तोही तिनेच लावला, तिनेच काढला. राग मात्र गेला नाही. काम माझे, आणि मी दाराबाहेर! नियम राखणारीही तीच, उपकार करणारीही तीच.

शुक्रवार, २५

तिच्याशी बोलले नाही.

शनिवार, २६

यादीत माझे नाव आहे. सरांनी विचारले, एकटीनेच केलेस? मी मान डोलावली. आता लाज वाटते आहे.

रविवार, २७

आज पहाटे आई डोईवरून न्हाली. मी पाहतच राहिले.

"बुधवारपास्नं मीबी बाहेरचीच होते," केस पिळत ती म्हणाली. "समदंच कामून सांगत बसतीस, पोरी?"

देवापुढचा दिवा या चारही दिवशी तिनेच लावला होता.